चर की बोगदा? एस्प्लनेडवरून हृदयाच्या बायपासकडे

कोलकात्याच्या एस्प्लनेड मेट्रो स्थानकात निळ्या लाइनवरून हिरव्या लाइनवर जायचं म्हणजे जिने उतरत आणखी खाली जायचं. वरची निळी लाइन बांधताना चौरंगीचा रस्ता उभा चिरला होता. चर खणला, त्यात पेटीसारखा काँक्रीटचा सांगाडा ओतला, वर माती लोटली आणि रस्ता पुन्हा केला. १९७० च्या दशकात कोलकातेकरांनी तो उघडा रस्ता वर्षानुवर्षं सोसला. खालच्या हिरव्या लाइनची तऱ्हा वेगळी. बोगदा खणणारं यंत्र एका टोकाला जमिनीत उतरवलं आणि ते आतल्या आत पोखरत पुढे सरकलं. वर ट्राम, टॅक्सी, झालमुडीवाले सगळे आपापल्या जागी.

हृदयाच्या बायपाससाठी हातातली रक्तवाहिनी काढायच्याही अशाच दोन पद्धती आहेत. माझ्या मामांची झाली ती पहिल्या पद्धतीने. छातीवरची खूण सदऱ्याखाली झाकली जाते, पण डाव्या हातावर मनगटापासून कोपराकडे गेलेली लांब शिवण बाही दुमडली की दिसते. थंडीत अंगठ्याच्या मुळाशी अजून बधिर वाटतं, असं ते म्हणतात. एकदा त्यांच्या नातीने ती शिवण बोटाने चाचपत विचारलं, "आबा, तुमचं हृदय हातात होतं का?"

पोरीचा प्रश्न अगदी रास्त होता. हृदयाचं ऑपरेशन आणि टाके हातावर!

शरीरातले राखीव नळ

हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतं, पण आपल्या कप्प्यांतून वाहणारं रक्त त्याच्या जाड स्नायूला थेट वापरता येत नाही. त्याचा वाटा बाहेरून, हृदयाला वेढणाऱ्या कोरोनरी रोहिण्यांतून येतो. या रोहिण्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीच्या. त्यात चरबीचा थर साचला की स्नायू उपाशी. बायपास म्हणजे तुंबलेल्या जागेच्या पुढे जाऊन मिळणारा नवा जोडरस्ता.

या जोडरस्त्याला नळी लागते, आणि इतक्या बारीक मापाची कृत्रिम नळी लवकर गुठळी होऊन बंद पडते. म्हणून सर्जन रुग्णाच्याच शरीरात शोध घेतात. पायातली लांब शीर, छातीच्या हाडामागची रोहिणी, हातातली रोहिणी. जपानमधल्या सर्जनांनी तर जठराच्या कडेने जाणारी रोहिणी वर ओढून हृदयाला जोडली. यातली कुठलीही काढली तरी त्या अवयवाचं काम दुसऱ्या वाटेने चालू राहतं. आपल्या देहात एवढी राखीव सोय आहे, हे वाचलं तेव्हा मला खरोखर हरखून जायला झालं होतं.

बायपास कुठे? बायपासवर!

एस्प्लनेडला उभं राहून बसवाल्याला "बायपास" म्हटलं तर तो ऑपरेशनचा विचार करणार नाही. शहराच्या पूर्वेकडून जाणारा ईस्टर्न मेट्रोपॉलिटन बायपास कोलकातेकरांच्या तोंडी नुसता "बायपास" आहे. आणि शहरातली बरीच मोठी खासगी रुग्णालयं त्याच रस्त्यावर किंवा त्याला लागून आहेत. रुबी तिथेच, अपोलो तिथेच, मुकुंदपूरला रवींद्रनाथ टागोरांच्या नावाची हृदयसंस्थाही तिथेच. त्यामुळे कोलकात्यात हृदयाचा बायपास अनेकदा खरोखरच बायपासवर होतो.

मराठी घरांत हा शब्द आधी रस्त्यासाठी होता, मग ऑपरेशनसाठी रुळला. नव्वदच्या दशकात डॉ. नीतू मांडके यांच्यासारखे हृदयशल्यविशारद वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचले आणि "त्यांची बायपास झाली" हे वाक्य लग्नाच्या मांडवातही सहज ऐकू येऊ लागलं.

रस्त्याची उपमा एका बाबतीत तंतोतंत जुळते. गावातला जुना रस्ता बऱ्यापैकी मोकळा असेल तर नव्या बायपासवर गाड्या फिरकत नाहीत. हृदयातही तसंच. मूळ रोहिणी थोडीशीच अरुंद झाली असेल तर रक्त जुन्याच वाटेने जातं, आणि नवी जोडलेली हातातली रोहिणी वापराविना आकसून दोऱ्यासारखी होते. म्हणून सर्जन हा नळ चांगल्यापैकी तुंबलेल्या जागेपुढेच जोडतात.

कलम म्हणजे लेखणी, ग्राफ्ट म्हणजेही लेखणी

जोडलेल्या रक्तवाहिनीला डॉक्टर ग्राफ्ट म्हणतात. मराठीत त्याला चपखल शब्द आहे, कलम. देवगडच्या हापूसचं असतं तेच. आता गंमत पाहा. कलम हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ बोरू, लेखणी. इंग्रजीतल्या ग्राफ्टचं मूळ शोधत गेलं तर ते फ्रेंच आणि लॅटिनमार्गे ग्रीक भाषेतल्या लेखणीच्या शब्दापाशी पोचतं. कलम करायची फांदी बोरूसारखी तिरकी छाटतात, म्हणून दोन्हीकडे हेच नाव पडलं. दूरदूरच्या भाषांनी एकच वस्तू पाहून एकच नाव ठेवलं.

आणि सर्जनही फांदीसारखंच करतात. रोहिणीचं टोक तिरकं छाटलं की तोंड मोठं होतं, जोड प्रशस्त बसतो. शिवायचा धागा केसाहून बारीक असतो, म्हणून डोळ्यांना भिंगाचा चष्मा लावून काम चालतं.

पायातली शीर वापरली तर आणखी एक नियम पाळावा लागतो. शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. त्यामुळे ती साधारणपणे उलटी करून लावतात, नाहीतर रक्त दारातच अडेल.

लिमा नावाची लाडकी

"लिमा" म्हटलं की आपल्याला पेरू देशाची राजधानी आठवते. हृदयशल्यविशारदांना आठवते डाव्या बाजूची, छातीच्या मधल्या हाडाच्या कडेपासून एखादा सेंटिमीटर अंतर राखून खाली उतरणारी रोहिणी. ती सगळ्यांची लाडकी आहे, आणि तिला कारण आहे. तिच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड भरपूर झरतं, त्यामुळे ती सैल आणि स्वच्छ राहते. दहा वर्षांनंतरही दहातल्या नऊहून अधिक लिमा वाहत्या असतात. पायातल्या शिरांपैकी तोवर जवळपास निम्म्या थकलेल्या असतात.

तिची आणखी एक खुबी म्हणजे तिला पूर्ण कापावं लागत नाही. वरचं टोक आहे तिथेच ठेवायचं, खालचं सोडवायचं आणि हृदयावर आणून टाचायचं. नळाचं कनेक्शन तेच, फक्त तोटी हलवली.

लेनिनग्राडमध्ये वसिली कोलेसोव्ह यांनी १९६४ मध्ये ही रोहिणी टाके घालून धडधडत्या हृदयाला जोडली. न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज ग्रीन यांनी १९६८ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली हाच जोड साधला. तरी जग बराच काळ पायातल्या शिरेच्या मागे होतं, कारण ती काढायला सोपी. तो मार्ग १९६७ मध्ये रेने फावालोरो यांनी रुळवला. हे गृहस्थ अर्जेंटिनातल्या एका खेड्यात बारा वर्षं गावडॉक्टर होते आणि मग अमेरिकेत क्लीव्हलंडला जाऊन जगाचं हृदयशास्त्र बदलून बसले! त्याच क्लीव्हलंडमधून १९८६ मध्ये दहा वर्षांचा हिशेब छापून आला की लिमा जोडलेली माणसं जास्त जगतात, आणि लिमाचं राज्य पक्कं झालं.

वैद्यांनी धरली तीच

आता हातावर येऊ. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटं ठेवून वैद्य जी नाडी पाहतात, ती म्हणजे रेडियल रोहिणी. बायपाससाठी काढतात ती हीच. जाडी दोन-तीन मिलिमीटर, आणि लांबी साधारण अठरा ते वीस सेंटिमीटर. एस्प्लनेडजवळच्या निझाम्सचा काठी रोल हातात धरून पाहा, अंदाज येईल.

ही काढली तर हाताचा पंजा काळा पडणार नाही का? नाही, कारण करंगळीच्या बाजूने दुसरी रोहिणी येते आणि तळहातात दोघींची कमान जुळलेली असते. ती कमान शाबूत आहे का हे पाहायची एक साधी चाचणी आहे, आणि ती पाहण्यासारखी आहे. मूठ घट्ट आवळायची. दुसऱ्याने मनगटाच्या दोन्ही बाजूंच्या रोहिण्या अंगठ्याने दाबून धरायच्या. मूठ उघडली की तळहात पांढराफटक दिसतो. मग करंगळीच्या बाजूचा अंगठा सोडायचा. काही सेकंदांत तळव्यावर लाली पसरत जाते, पहाट फुटावी तशी. ती झटकन आली म्हणजे एकटी करंगळीकडची रोहिणीही पंजा पोसू शकते. रुग्णालयात त्याच्या जोडीला डॉपलरसारख्या तपासण्या करूनच निर्णय होतो.

या चाचणीला ॲलन टेस्ट म्हणतात. मेयो क्लिनिकच्या एडगर ॲलन यांनी तिचं मूळ रूप १९२९ मध्ये मांडलं तेव्हा बायपासचा मागमूसही नव्हता. तंबाखू ओढणाऱ्यांच्या हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पाडणाऱ्या बर्गर आजारासाठी त्यांनी ती योजली होती.

उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाची सहसा डावी रोहिणी घेतात. इथे एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवायची आहे. हल्ली अँजिओग्राफी पुष्कळदा मनगटातून होते. ज्या रोहिणीतून नळी गेली तिचं आतलं नाजूक अस्तर दुखावलेलं असतं, म्हणून सर्जन ती बायपाससाठी शक्यतो टाळतात. तेव्हा फायलीत कागद असो वा नसो, "अँजिओ कुठल्या हातातून झाली?" या प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ हवं. आणि ज्याची रेडियल काढली आहे त्याच्या त्या मनगटावर नेहमीच्या जागी नाडी लागेलच असं नाही, हेही पुढच्या डॉक्टरांना आधीच सांगून टाकावं.

पॅरिसचा तो एक रुग्ण

रेडियलची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत आवडते, म्हणून जरा थांबून सांगते.

१९७१ मध्ये पॅरिसला अलँ कार्पाँतिए यांनी ही रोहिणी पहिल्यांदा बायपासला वापरली. सुरुवात उत्साहाची, पण थोड्याच काळात फेरतपासणीत बरेचसे जोड बंद झालेले दिसले. रेडियलची भिंत स्नायूंनी जाड असते. तिला धक्का लागला की ती गोगलगायीसारखी आकसते. कार्पाँतिए यांनी प्रांजळपणे सांगितलं की ही रोहिणी वापरू नका. जगाने ऐकलं आणि विषय मिटला.

मिटला नव्हता. सुमारे दीड दशक उलटल्यावर त्याच काळातल्या एका रुग्णाची पुन्हा अँजिओग्राफी झाली. बंद पडली असं समजून सोडून दिलेली त्याची रेडियल पडद्यावर लख्ख वाहताना दिसली! ती मुळात तुंबलीच नव्हती, आकसली होती, आणि सवडीने पुन्हा मोकळी झाली होती. कार्पाँतिए यांचे सहकारी क्रिस्तोफ आकार यांनी ती पुन्हा हाती घेतली आणि १९९२ मध्ये तिच्या पुनरागमनाचा निबंध प्रसिद्ध केला.

या वीस वर्षांत रोहिणी तीच होती. बदलला तो तिला हाताळणारा हात. पूर्वी ती सोलून नागडी करायचे, आकसली की आत धातूची सळई सारून रुंदावायचे. आता तिला तिच्या दोन सोबतच्या शिरा आणि भोवतीची चरबी यांच्यासकट, चिमट्याचा स्पर्शही न करता उचलतात, आणि आकसू नये म्हणून औषध देतात. नळी किती चांगली, हा प्रश्न अर्धाच आहे. ती किती मायेने काढली, हा दुसरा अर्धा. २०१८ मध्ये सहा चाचण्यांतल्या १०३६ रुग्णांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा पाच वर्षांच्या काळात मृत्यू, झटका किंवा पुन्हा प्रक्रिया यांचं प्रमाण पायातल्या शिरेपेक्षा रेडियलवाल्यांत सुमारे एक तृतीयांशाने कमी निघालं. एकेकाळी निकालात काढलेल्या रोहिणीचा हा निकाल.

दोन सेंटिमीटरचं दार

मग तिला काढण्यासाठी अख्खा हात कशाला उघडायचा? हा प्रश्न नव्वदच्या दशकात आधी पायाच्या शिरेबाबत विचारला गेला आणि पाठोपाठ हाताबाबत. मराठीत आपण याला सरळ "दुर्बिणीतून" म्हणतो.

हात फळीवर आडवा पसरलेला. मनगटाच्या जरा वर दोन-तीन सेंटिमीटरचा छेद. त्यातून पेन्सिलीएवढ्या जाडीची दुर्बीण आत जाते. तिच्या टोकाला पारदर्शक, निमुळती टोपी, आपल्या बोगदायंत्राच्या तोंडासारखी, फक्त ही कापत नाही, हळूच बाजू सारते. सोबत कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात. वायूच्या हलक्या दाबाने मऊ पेशीजाल वेगळं होतं आणि पडद्यावर एक चकचकीत गुहा उघडते. मधोमध गुलाबी रोहिणी, दोन्ही अंगांना निळसर शिरा, आणि छपराकडे, भिंतींकडे गेलेले बारीक बारीक फाटे.

हाच वायू का? कारण तो पेट घेत नाही आणि रक्तात चटकन विरघळून श्वासावाटे निघून जातो. एस्प्लनेडजवळच्या डेकर्स लेनमध्ये टोस्ट-स्ट्यूनंतर आपण जो थंडगार सोडा पितो, त्याच्या बुडबुड्यांतलाच तो.

आता एकेक फाटा बंद करायचा. विजेच्या किंवा ध्वनिकंपनाच्या कात्रीने तो जागीच शिजवून कापतात. पण रोहिणीला अगदी खेटून कापला तर चटका तिला बसेल, म्हणून चिमूटभर अंतर राखायचं. सारं कसब इथे आहे. अंगठ्याकडे जाणारी संवेदना-नस बाजूनेच गेलेली असते, तिलाही जपायचं. उघड्या पद्धतीत लांब चिरेमुळे तिला धक्का लागतो तेव्हा मामांसारखा बधिरपणा मागे राहतो. शेवटी कोपराजवळ रोहिणीचं वरचं टोक बांधून तोडलं की मनगटाच्या दारातून ती अलगद बाहेर येते.

हे सगळं चालू असताना छातीकडे दुसरी मंडळी लिमा सोडवत असतात. एकाच टेबलावर दोन आघाड्या. हातापायाची आघाडी पुष्कळदा फिजिशियन असिस्टंट सांभाळतात. बायपासच्या बातमीत त्यांचं नाव कधी येत नाही, पण हातावर शिवण किती लांब उरणार हे त्यांच्या बोटांवर ठरतं. मला ही माणसं फार मोठी वाटतात.

आपल्याकडे या छोट्या दाराचं मोल जास्त आहे. बायपासला येणाऱ्या आपल्या रुग्णांत मधुमेही पुष्कळ, आणि मधुमेहात लांब जखम चिघळायला निमित्त लागत नाही.

खसखशीच्या झाडाची मदत

बाहेर काढलेली रेडियल आकसू नये म्हणून तिला औषधी पाण्यात पहुडवतात. त्यासाठी वापरतात त्या औषधांत एक आहे पापावेरीन. १८४८ मध्ये जर्मनीत गेऑर्ग मर्क यांनी ते शोधलं, कशातून? अफूतून. नशा नाही, गुंगी नाही, फक्त आवळलेला स्नायू सैल करायचा गुण.

आणि अफूचं नि कोलकात्याचं नातं जुनं आहे. कंपनीच्या काळात पाटणा-बनारसची अफू पेट्या भरभरून कलकत्त्याला यायची, इथे लिलाव व्हायचा आणि जहाजं चीनकडे निघायची. माळव्याची अफू आपल्या मुंबईहून जायची. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत त्या व्यापाराचा वाटा होता, आणि त्यांच्याच देणगीने उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय १८४५ पासून रुग्ण तपासतं आहे. त्याच झाडाचं बी म्हणजे आपली अनारशावरची खसखस आणि बंगाल्यांच्या आलू-पोस्तोतलं पोस्तो. ज्या बोंडाने चीनची घरं उद्ध्वस्त केली, त्यातल्याच एका द्रव्याने माझ्या मामांच्या हातातली रोहिणी सैल ठेवली असेल.

दुसरं औषध नायट्रोग्लिसरीन. डायनामाइटमधलं तेच. आल्फ्रेड नोबेल यांना उतारवयात छातीच्या दुखण्यासाठी तेच सुचवलं गेलं होतं. ते शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडतं, म्हणजे लिमा जे स्वतःहून झरवते तेच. नायट्रिक ऑक्साइडचं हे काम उलगडणाऱ्या तिघांना १९९८ मध्ये जो पुरस्कार मिळाला, तो नोबेल.

बोगदाही खचतो

३१ ऑगस्ट २०१९. एस्प्लनेडहून सियालदाकडे निघालेल्या बोगदायंत्राने बऊबाजारखाली भूजलाचा साठा फोडला. माती वाहून गेली, वरच्या जुन्या घरांना तडे गेले, काही कोसळली, आणि शेकडो माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. वरून काही दिसत नाही म्हणून खाली इजा होत नाही असं नसतं.

दुर्बिणीच्या पद्धतीलाही असा एक हादरा बसला होता. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये सुमारे ३००० रुग्णांचा अभ्यास आला. पायातली शीर दुर्बिणीतून काढलेल्यांत जोड बंद पडणं, झटका आणि मृत्यू हे सगळं जास्त दिसलं. बाहेरून सुबक, पण आत ओढाताण झाली होती का? डॉक्टरांनी हा प्रश्न झटकून टाकला नाही, याचं मला कौतुक आहे. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या १६ रुग्णालयांतल्या ११५० रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. या वेळी शीर काढणारे हात सरावलेले होते. हृदयाच्या तक्रारींत दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक उरला नाही, आणि पायाच्या जखमेचा संसर्ग उघड्या पद्धतीत ३.१ टक्के तर दुर्बिणीच्या पद्धतीत १.४ टक्के. म्हणून रुग्णालयात "दुर्बिणीतून काढता का?" एवढंच विचारून थांबू नये. "इथे किती जणांची काढली?" हेही विचारावं.

हिरव्या लाइनचा एस्प्लनेड-सियालदा टप्पाही ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाला.

सर्जन गुरुग्राममध्ये, रोहिणी जयपूरमध्ये

लिमाही आता छातीचं हाड न कापता सोडवता येते. फासळ्यांमधल्या छोट्या छिद्रांतून यंत्रमानवाचे बारीक हात आत जातात, सर्जन बाजूला बसून ते चालवतात. जानेवारी २०२५ मध्ये भारतात ते "बाजूला" भलतंच लांब गेलं. डॉ. सुधीर श्रीवास्तव यांनी गुरुग्राममध्ये बसून २८६ किलोमीटरवरच्या जयपूरमधल्या रुग्णाची लिमा सोडवली, भारतात बनलेल्या मंत्रा या यंत्रमानवाने. वेळ लागला ५८ मिनिटं. हाताची हालचाल तिकडे पोचायला ३५ ते ४० मिलिसेकंद. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. पुण्याहून कुणी सोलापूरच्याही पुढच्या माणसाच्या छातीतली दोन मिलिमीटरची रोहिणी सोडवावी, असं हे अंतर.

त्याच महिन्यात डॉ. के. एम. चेरियन गेले. भारतातली पहिली बायपास त्यांनी १९७५ मध्ये केली होती, चेन्नईच्या पेरांबूर इथल्या रेल्वेच्या रुग्णालयात. रेल्वेच्या खात्यावर असे दोन पहिले मान जमा आहेत. देशाची पहिली मेट्रोही रेल्वेनेच बांधली, आणि २४ ऑक्टोबर १९८४ ला ती धावली ती याच एस्प्लनेडहून भवानीपूरपर्यंत, ३.४ किलोमीटर.

आणि आपला खंदक

एस्प्लनेड म्हणजे किल्ल्यासमोर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळं ठेवलेलं मैदान. मुंबईतही फोर्टाबाहेर असंच एस्प्लनेड होतं, आणि किल्ला कोर्ट अजून त्या नावाने ओळखलं जातं. पण कोलकात्याने आपल्या मराठ्यांच्या धास्तीने त्याआधीच खोदकाम काढलं होतं. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या तेव्हा, १७४२ मध्ये, शहराभोवती "मराठा खंदक" खणायला घेतला. तो पुरा झालाच नाही, मराठे त्या बाजूने आलेच नाहीत, आणि पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. शहराला वळसा घालणारा रस्ता. कोलकात्याचा पहिला बायपास म्हणायला माझी हरकत नाही.

मी हावड्याला जाणारी हिरवी गाडी पकडली. तिथून पुढे मुंबईची गाडी होती. महाकरण स्थानक सुटलं आणि बोगद्यात निळे दिवे लागले, म्हणजे आता डोक्यावर हुगळी. नदीखालचे ५२० मीटर गाडी ४५ सेकंदांत पार करते. मी डाव्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि मोजायला लागले. निळे दिवे संपले तेव्हा चौपन्न झाले होते.